संचात न मावलेली वर्षं

आधी जागा ठरवू. दौंडला असाल तर गावाच्या उत्तरेला भीमेकडे चला, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा पूल दिसेल तिथवर. पुलावर चढायचं नाही. काठावर कोरडी जागा बघून बसायचं. शिरूरला असाल तर घोडनदीच्या काठी, नगर रस्त्याचा पूल जिथून ऐकू येतो तिथे. हा पूल दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो. दौंडला रूळ आहेत, शिरूरला रेल्वे नाही, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो.

बसलात? पाठ टेकायला काही मिळालं तर उत्तमच. श्वासाकडे लक्ष द्या असं मी सांगणार नाही. ज्याच्याविषयी आपण विचार करणार आहोत त्याचं वाद्यच श्वासावर चालतं, तेव्हा लक्ष आपोआप तिकडे जाईल.

प्रश्न साधा आहे. सनी रोलिन्स हा टेनर सॅक्सोफोन वाजवणारा अमेरिकन जॅझ कलावंत, जन्म न्यूयॉर्कचा, ७ सप्टेंबर १९३०. त्याच्या ध्वनिमुद्रणांचे बॉक्स सेट निघाले आहेत. त्यातला एक आपला म्हणायचा तर कोणता? प्रश्न चैनीचा आहे, कबूल. त्याच्या उत्तरावर कुणाचं पोट अवलंबून नाही. म्हणूनच तो मनात घोळवायला बरा.

तीन संच डोळ्यांपुढे आणा. पहिला प्रेस्टिज कंपनीच्या मुद्रणांचा: सात डिस्क, १९४९ ते १९५६. दुसरा 'द फ्रीलान्स इयर्स': पाच डिस्क, १९५६ ते १९५८, रिव्हरसाइड आणि कंटेम्पररी या कंपन्यांसाठी केलेलं काम. तिसरा आरसीए व्हिक्टरचा: सहा डिस्क, १९६२ ते १९६४. तिन्हींच्या वेष्टणावर दावा एकच आहे की इथे सगळं आहे, काही सुटलेलं नाही. या दाव्याने मनात काय हलतं ते बघा. बहुतेकांना हाव सुटते. मलाही सुटते. सगळं हातात असावं, कपाटात ओळीने लागावं, मग ऐकलं काय नि न ऐकलं काय. ती हाव नाकारू नका, तिला शेजारी बसू द्या.

आता पहिला संच उघडा. विशी-पंचविशीतला पोरगा आहे हा. माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक अशांच्या बरोबर वाजवतो आहे. संचाच्या उत्तरार्धात १९५६ चं 'सॅक्सोफोन कोलॉसस' येतं आणि त्यात 'सेंट थॉमस' ही चाल. कॅरिबियन बेटांवरचा ठेका आहे हा, रोलिन्सचे आईवडील तिकडचेच. ही चाल ऐकताना पाय हलला नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. पाय हलू द्या. मननात पाय हलवू नये असा काही नियम नाही.

पण माझी विनंती आहे की थोडं मागे, दुसऱ्याच एका जागी थांबा. २५ ऑक्टोबर १९५४ ला रोलिन्स मंकबरोबर मुद्रण करतो. त्यानंतर प्रेस्टिजसाठी तो स्वतःच्या नावाने वाजवतो ते थेट २ डिसेंबर १९५५ ला, 'वर्क टाइम'साठी. मध्ये वर्षाहून जास्त काळ गेला. त्याला हेरॉइनचं व्यसन होतं, त्यापायी तुरुंगही झाला होता. या मधल्या काळात तो केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात स्वतःहून दाखल झाला, व्यसन सोडलं, आणि मग शिकागोत साफसफाईसारखी कामं करत राहिला. संच ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही. एक चाल संपते, क्षणभर काहीच नसतं, पुढची सुरू होते. त्या क्षणभरात एका माणसाचं सबंध वर्ष आहे.

तुम्ही नदीकाठी आहात. एक गाडी पूल ओलांडून गेली आणि पुढची अजून आलेली नाही, किंवा रस्त्यावर मध्येच काही सेकंद एकही वाहन नाही. ती जागा पकडा. तिच्यात काही भरू नका. पुढची गाडी येईलच.

दुसरा संच आवडायला सगळ्यांत सोपा आहे, आणि जाणकारांना विचारलं तर बरेचजण याच्यावरच बोट ठेवतील. त्यात 'वे आउट वेस्ट' आहे. ७ मार्च १९५७ ला पहाटे तीन वाजता लॉस एंजेलिसमध्ये मुद्रण सुरू झालं, कारण तिघा वादकांना मोकळी वेळ तेवढीच होती. पियानो नाही. रोलिन्स, रे ब्राउनचा बास आणि शेली मॅनचे ड्रम, बस. पहिल्या चालीत मॅन लाकडी ठोकळ्यावर घोड्याच्या टापा काढतो. घोडनदीच्या काठी बसून हे ऐकण्यात एक गंमत आहे, ती सोडू नका. वेष्टणावर रोलिन्स काऊबॉयची टोपी घालून, कमरेला पट्टा बांधून, माळरानात सॅक्सोफोन घेऊन उभा आहे. ज्या काळात सिनेमातले काऊबॉय जवळजवळ सगळे गोरे असत त्या काळात हा काळा माणूस तसा उभा राहतो आणि हसू दाबतो. दुसऱ्या वर्षी, १९५८ मध्ये, 'फ्रीडम सूट' आलं. तबकडीची अख्खी एक बाजू व्यापणारी रचना, आणि सोबत रोलिन्सचं छोटं निवेदन: अमेरिकेच्या संस्कृतीत कृष्णवर्णीयांनी इतकं दिलं, तरी त्यांच्या वाट्याला छळच का. तिथे हसू नाही.

पियानो नसल्यामुळे जी मोकळी जागा होते ती ऐका. पियानोवादक सतत खाली सुरांची बैठक घालत असतो. ती काढली की सॅक्सोफोनला कुठेही जाता येतं आणि चुकलं तर झाकायला कुणी नसतं. रोलिन्स एक छोटा तुकडा घेतो, उलटासुलटा करून बघतो, टाकून देतो, पाच मिनिटांनी तोच तुकडा परत उचलतो. तेवढं एक धरून ऐकलं तरी हा संच आपलासा होतो.

आणि मग १९५९ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, नाव शिखरावर असताना त्याने कार्यक्रम बंद केले. कुणाशी भांडण नाही, या वेळी व्यसनही नाही. त्याचं म्हणणं असं की लोक जेवढं कौतुक करतात तेवढं आपलं वाजवणं चांगलं नाही. तो मॅनहॅटनच्या ग्रँड स्ट्रीटवर राहत होता. शेजारची बाई गरोदर होती, तिला आवाजाचा त्रास व्हायला नको, म्हणून तो वाद्य घेऊन बाहेर पडला आणि जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर गेला. ईस्ट नदीवरचा हा पूल १९०३ सालचा. त्याच्यावरून मोटारी जातात, आगगाड्या जातात आणि पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. दौंडचा आणि शिरूरचा पूल एकमेकांत घातले तर जे होईल, तसं काहीतरी. त्या पायवाटेवर उभा राहून तो दिवसाचे कितीतरी तास, कधीकधी पंधरा-पंधरा तास, वाजवत राहिला. उन्हाळा, हिवाळा, बर्फ. १९६१ च्या अखेरपर्यंत.

इथे सगळ्यांत जास्त वेळ थांबू.

समोरचा पूल बघा. त्याच्यावर एक माणूस उभा आहे असं समजा. गाडी येते, लोखंड थरथरतं, आणि तो त्या आवाजाच्या वर फुंकतो, कारण इथे कितीही जोरात फुंकलं तरी कुणी दार ठोठावणार नाही. समोर श्रोता नाही, मुद्रण करणारं यंत्र नाही. खाली पाणी वाहतंय. दौंडला असाल तर भीमेच्या या पाण्यात इंद्रायणीचंही पाणी आहे, ते तुळापूरला येऊन मिळतं, म्हणजे देहूवरून आलेलं. तिथल्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा एकांताला जात. त्यामुळे माणसांतून उठून जाणाऱ्याची आपल्याला फारशी नवलाई नसावी. तरी रोलिन्सच्या बाबतीत एक वेगळेपण आहे. आपल्या गावांतल्या सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, सात दिवस. इथे पहारा बदलायला दुसरा कुणी नव्हता.

त्या काळात त्याने काय वाजवलं? कोणत्याही डिस्कवर ते नाही. एवढे तास, एवढे सूर, सगळे नदीवर गेले. आता मघाच्या त्या हावेकडे वळून बघा, अजून शेजारी बसली आहे का. 'सगळं' हवं म्हणणाऱ्याला हे कसं मिळणार? मला वाटतं संच निवडण्याची खरी कसोटी इथे हाती लागते. तीन संचांमधून निवडायचं नाहीच. निवडायचं हे की या मुद्रित न झालेल्या वर्षांच्या अलीकडचा रोलिन्स आपल्याला हवा की पलीकडचा.

तिसरा संच पलीकडचा आहे. १९६२ मध्ये आरसीएने पहिली तबकडी काढली, तिचं नावच 'द ब्रिज'. लोकांना वाटलं होतं, एवढ्या तपानंतर हा काहीतरी जग हलवून टाकणारं घेऊन येईल. त्याच सुमारास ऑर्नेट कोलमन आणि कोल्ट्रेन जॅझचा पायाच हलवत होते. आणि रोलिन्सने काय आणलं? जिम हॉलची मवाळ गिटार, जुन्या ओळखीच्या चाली, नीट बांधलेलं वाजवणं. काही समीक्षक हिरमुसले. मला मात्र त्यांचं हिरमुसणंच वरवरचं वाटतं. पुलावरून परतलेल्या माणसाने चमत्कार दाखवावा ही अपेक्षा सर्कशीची झाली.

शिवाय पुढच्या डिस्क ऐका. काही महिन्यांत तो ऑर्नेटच्याच साथीदारांना, डॉन चेरी आणि बिली हिगिन्स यांना, घेऊन 'व्हिलेज गेट' या क्लबात पंचवीस मिनिटांपर्यंतच्या मोकाट चाली वाजवतो. मध्येच ब्राझीलचा बोसा नोव्हा. मग १९६३ मध्ये बालपणीचं दैवत कोलमन हॉकिन्स शेजारी उभा असताना, त्याच्यासारखं वाजवण्याचं सोडून मुद्दाम तिरपे, कर्कश सूर काढतो. गुरुतुल्य माणसासमोर हे धाडस उद्धटपणाचं वाटू शकतं. मला त्यात आदर दिसतो, नक्कल करून दाखवण्यापेक्षा मोठा. या संचात फसलेल्या जागाही पुष्कळ आहेत. एकाच संचात इतकी वेगवेगळी माणसं राहतात की घर कुणाचं ते कळू नये. माझी निवड हाच. 'फ्रीलान्स इयर्स' जास्त सुंदर आहे, वाद नाही. पण त्यातला रोलिन्स मला पूर्ण वाटतो. आरसीएमधला शोधतो आहे आणि शोधताना लोकांना दिसू देतो आहे.

तुमचं मत वेगळं पडलं तर ते लगेच बदलू नका. दोन मिनिटं तसंच राहू द्या.

आणखी एक गोष्ट, जी संचाच्याही पलीकडे जाते आणि आपल्या जवळ येते. १९६६ नंतर रोलिन्सने पुन्हा नव्या तबकड्या काढणं थांबवलं, ते १९७२ पर्यंत. त्या काळात तो मुंबईला आला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात शिकायला राहिला. पुढे मुलाखतींत त्याने सांगितलं आहे की मांडी घालून ध्यानाला बसणं त्याला जमत नव्हतं, आणि तिथे त्याला समजावलं गेलं की तू वाजवतोस तेच तुझं ध्यान. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरवली तेव्हा तो पुन्हा आला, या वेळी मंचावर. पवईचे ते दिवसही कुठल्या डिस्कवर नाहीत.

आता डोळे उघडे ठेवूनच शेवटचं ऐकणं. 'द ब्रिज'मधली पहिली चाल 'विदाउट अ साँग'. पुलावरून उतरल्यावर तबकडीवर जगाला ऐकवलेली ही पहिली. एकदा शांतपणे ऐका. मग २००१ कडे या. ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा रोलिन्स तिथून काही गल्ल्यांवर राहत होता. इमारत रिकामी करायला सांगितली आणि एकाहत्तर वर्षांचा हा माणूस एकच वस्तू घेऊन खाली उतरला, सॅक्सोफोन. चार दिवसांनी बॉस्टनला कार्यक्रम ठरलेला होता. रद्द करावासा वाटत होता, पत्नी ल्यूसिलने जायचा आग्रह धरला. त्या रात्रीचं मुद्रण २००५ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याचीही सुरुवात 'विदाउट अ साँग'नेच होते. आरसीएच्या संचात अर्थातच ते नाही, वेगळं शोधावं लागेल.

दोन्ही एकापाठोपाठ लावा. १९६२ चं वाजवणं आवरलेलं आहे, २००१ चं कितीतरी लांब आणि खडबडीत. पहिल्यांदा सॅक्सोफोनच ऐकाल, ते साहजिक आहे. दुसऱ्यांदा मात्र त्याला सोडून खाली जा. दोन्हीकडे बास वाजवणारा माणूस एकच आहे, बॉब क्रॅनशॉ. एकोणचाळीस वर्षांच्या अंतराने तो त्याच चालीखाली उभा आहे. या खेपेला फक्त त्याच्याकडे कान द्या.