उसनी फौज

24 मार्च 2021 रोजी मोझांबिकच्या उत्तर टोकाला, टांझानियाच्या सीमेलगत असलेल्या पाल्मा या गावावर जिहादी बंडखोर तुटून पडले. गावातल्या अमारुला हॉटेलात दोनशेच्या आसपास माणसे अडकली. त्यांत परदेशी कंत्राटदार होते, तसे स्थानिक नोकरदारही होते. दोन दिवस वाट पाहूनही लष्कराची कुमक पोहोचली नाही. शेवटी काहींनी मोटारींचा ताफा करून बाहेर पडायचे धाडस केले आणि त्या ताफ्यावर दबा धरून गोळीबार झाला. काहींची हेलिकॉप्टरने सुटका झाली, पण ती हेलिकॉप्टरे सरकारने भाड्याने घेतलेल्या एका दक्षिण आफ्रिकी खासगी कंपनीची होती. त्याच वेळी जवळच्या अफुंगी द्वीपकल्पावर, टोटाल कंपनीच्या 20 अब्ज डॉलरच्या नैसर्गिक वायू प्रकल्पाभोवती, शेकडो सरकारी सैनिक पहाऱ्यावर होते. म्हणजे मोझांबिकजवळ फौज नव्हती असे नाही. ती कोणासाठी आहे, हे मात्र त्या दिवशी उघड झाले.

काबो देल्गादो प्रांतातले हे बंड ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाले. सरकारने आधी रशियाच्या वाग्नर गटाला बोलावले. त्या भाडोत्री सैनिकांनी 2019 मध्ये मार खाल्ला आणि काही महिन्यांतच काढता पाय घेतला. पाल्मानंतर टोटालने काम थांबवले, तेव्हा अध्यक्ष फिलिपे न्यूसी यांनी रवांडाकडे हात पसरला. 9 जुलै 2021 रोजी रवांडाने एक हजार सैनिक व पोलीस धाडल्याचे जाहीर केले. बंडखोरांनी वर्षभर ताब्यात ठेवलेले मोसिंबोआ दा प्राया हे बंदर 8 ऑगस्टला परत मिळाले. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाची म्हणजे ‘साडेक’ची फौज मागाहून आली आणि 2024 च्या जुलैपर्यंत परतलीही. रवांडाची फौज मात्र राहिली आणि वाढत गेली.

या यशाचे मोल कमी लेखू नये. रवांडाची फौज शिस्तीची आहे, पायी गस्त घालते, तिच्यातल्या अनेकांना स्वाहिली येते आणि या किनाऱ्यावर स्वाहिली समजते. ज्या गावकऱ्यांनी स्वतःच्या देशाच्या सैनिकांकडून अडवणूक आणि खंडणी अनुभवली होती, त्यांना परक्या सैनिकाचा आधार वाटला. आफ्रिकेचे प्रश्न आफ्रिकेनेच सोडवावेत, असे म्हणणाऱ्यांना इथे एक भक्कम उदाहरण मिळाले. 1994 च्या वंशसंहारात जगाने पाठ फिरवलेला देश दुसऱ्याच्या मदतीला धावतो, ही गोष्ट साधी नाही.

पण मोझांबिकने फौज उसनी घेण्याची ही पहिली वेळ नव्हे. 1980 च्या दशकात रेनामोच्या बंडाविरुद्ध झिंबाब्वेचे सैन्य इथे लढत होते. झिंबाब्वेला समुद्र नाही. बैरा बंदराकडे जाणारा लोहमार्ग आणि तेलवाहिनी त्याला वाचवायची होती. 1985 च्या ऑगस्टमध्ये झिंबाब्वेच्या सैनिकांनी गोरोंगोझा भागातला कासा बनाना हा रेनामोचा मुख्य तळ जिंकला आणि मोझांबिकच्या सैन्याच्या हवाली केला. काही महिन्यांत, 1986 च्या फेब्रुवारीत, त्या सैन्याने तो गमावला. तो परत घ्यायला पुन्हा झिंबाब्वेलाच यावे लागले. युद्ध थांबले ते 1992 मध्ये, रोममध्ये झालेल्या करारानंतर. उसनी फौज ठिकाण जिंकून देते, टिकवण्याचे काम घरच्या राज्याचेच असते, हा धडा मोझांबिकने एकदा रक्त सांडून घेतला आहे.

आज तोच धडा दुसऱ्यांदा समोर आहे. रवांडाच्या फौजेचा भर पाल्मा आणि मोसिंबोआ दा प्राया या वायू प्रकल्पालगतच्या जिल्ह्यांवर होता. तिथे माणसे परतली. बंडखोर मात्र दक्षिणेकडे सरकले. मे 2024 मध्ये त्यांनी माकोमिया शहरावर हल्ला केला. 2025 च्या जुलैत चिउरे जिल्ह्यातून हजारो कुटुंबे पळाली. याच माकोमिया जिल्ह्यातल्या शाई गावी 25 सप्टेंबर 1964 रोजी फ्रेलिमो या स्वातंत्र्यचळवळीने पोर्तुगिजांविरुद्ध पहिली गोळी झाडली होती. ज्या प्रांताने स्वातंत्र्ययुद्ध पेटवले, तो स्वतंत्र देशातल्या सर्वांत गरीब प्रांतांपैकी एक राहिला. मोंतेपुएझला 2009 मध्ये माणिकांच्या खाणी सापडल्या आणि हाताने खणणाऱ्या पोरांना तिथून हुसकावण्यात आले. बंडखोरीचे एकच कारण सांगता येत नाही. पण पायाखालची संपत्ती दुसऱ्याच्या खिशात जाताना पाहणारा तरुण भरतीसाठी हाताशी असतो, एवढे नक्की.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. 2021 मध्ये फौज आली तेव्हा मोझांबिकच्या संसदेला विचारले गेले नाही, अशी तक्रार विरोधी पक्षाने केली. कराराचा मजकूर आणि त्याची किंमत जनतेपुढे ठेवली गेली नाही. युरोपीय संघाने 2022 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये रवांडाच्या या मोहिमेसाठी प्रत्येकी दोन कोटी युरो मंजूर केले. उलट, याच रवांडाचे तीन-चार हजार सैनिक शेजारच्या काँगोत एम-23 बंडखोरांच्या बरोबरीने आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये नोंदवले. रवांडा हे नाकारतो. पण फौज देणारा देश पुण्यासाठी फौज देत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. मग कराराच्या अटी उघड करायला अडचण कोणाची?

हा सवाल आपल्यापासून फार दूर नाही. त्या वायू प्रकल्पात भारतीय सार्वजनिक कंपन्यांची मिळून 30 टक्के भागीदारी आहे. त्यात मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमच्या उपकंपनीचे 10 टक्के आहेत. म्हणजे अफुंगीच्या कुंपणाबाहेरची सुरक्षा हा आपल्याही पैशाचा विषय आहे. कुंपणाच्या आत जेवढे सैनिक उभे राहतात, तेवढेच लक्ष कुंपणाबाहेरच्या गावाकडे आहे का, हे विचारण्याचा हक्क भागीदाराला असतो. तो हक्क आपण आजवर वापरल्याचे दिसत नाही.

दोन आफ्रिकी देशांनी एकमेकांसाठी लढावे, यात गैर काही नाही. वाग्नरपेक्षा तर ते कितीतरी बरे. पण करार आफ्रिकी असल्याने तो आपोआप जबाबदार होत नाही. मोझांबिकने त्याच्या अटी, मुदत आणि खर्च संसदेपुढे ठेवावेत, वायूच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा काबो देल्गादोला द्यावा आणि स्वतःचे सैन्य गावकऱ्यांना भीती वाटणार नाही असे घडवावे. हे होत नाही तोवर रवांडाची फौज मिळवून देते ती सवड आहे, शांतता नव्हे.