देणगी आणि देणे

आपल्या मराठी भाषेत 'देणे' हा एकच शब्द दोन अर्थांनी नांदतो. प्रेमाने दुसऱ्याच्या ओंजळीत काही ठेवणे हेही देणे, आणि ज्याची फेड व्हायची राहिली आहे तेही देणेच. एकात हात मोकळा असतो, दुसऱ्यात तो बांधलेला असतो. पण ही दोन्ही देणी एकाच दिवशी एकाच घरात येऊन उभी राहिली, तर त्या घराने काय करावे? प्रश्न वरवर पैशाचा वाटतो. पण थोडा उकलून पाहिला की त्यात कृतज्ञता, सत्य आणि शेजारधर्म हे तिन्ही गुंतलेले दिसतात.

प्रिय वाचकहो, एक घर आपण डोळ्यांसमोर आणू या. हे घर कोणा एकाचे नाही, पण अशी घरे आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची असतील. छत्तीसगडची राजधानी रायपूर. तिच्या उत्तरेला उरला औद्योगिक क्षेत्राला लागून बीरगांव वसले आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचा धूर आणि पाळ्यांचे भोंगे यांवर तिथला दिवस चालतो. एके काळी हा सारा प्रदेश नागपूरच्या भोसल्यांच्या अमलाखाली होता, पुढे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. त्यामुळे मराठी माणसाला तो परका नाही. भंडारा-गोंदियाकडून आलेले एक ख्रिस्ती कुटुंब तिथे दोन खोल्यांत भाड्याने राहते. घरधनी कारखान्यात कंत्राटी कारकून. पगार अठरा हजार. पगाराच्या खात्याबरोबर बँकेने क्रेडिट कार्ड दिले. आईच्या आजारपणात ते प्रथम वापरले गेले. तो खर्च टाळता येण्यासारखा नव्हता. पण नंतर नवा मोबाईल आला, नाताळचे कपडे आले, एका लग्नाचा आहेर आला. आता कार्डावर चाळीस हजार थकले आहेत. पत्नीला वाटते, पंधरा-वीस हजार असतील.

अशा वेळी पत्नीचा थोरला भाऊ नागपूरला निवृत्त होतो आणि मिळालेल्या रकमेतून बहिणीच्या हाती पंचवीस हजार ठेवतो. "तुझ्यासाठी आणि लेकरांसाठी काहीतरी घे," एवढेच तो म्हणतो. तिच्या मनात शिलाई मशीन आहे. नवऱ्याच्या मनात कार्ड आहे. या पैशाने कर्ज फेडणे म्हणजे भावाच्या प्रेमाचा अव्हेर करणे होय काय?

प्रथम हिशेब पाहू, कारण जिथे हिशेब चुकतो तिथे नीतीही बहुधा वाट चुकते. कार्डाच्या थकबाकीवर आपल्या देशात दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. वर्षाचा दर चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर बसतो. म्हणजे चाळीस हजारांवर महिन्याला चौदाशे रुपये व्याज आणि दोनशे बावन्न रुपये कर. या माणसाने दरमहा दोन हजार भरले, तर त्यातले सोळाशे बावन्न असेच वाहून जातात आणि मूळ कर्ज केवळ तीनशे अठ्ठेचाळीस रुपयांनी घटते. कार्डावर एका पैशाचीही नवी खरेदी न करता त्याने दर महिन्याला नेमाने दोन हजार भरले, तरी फेड पुरी होण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल आणि चाळीस हजारांपोटी सुमारे शहाऐंशी हजार रुपये हातून जातील. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो थकबाकी घटते तसा घटत जातो. म्हणून केवळ तेवढेच भरणाऱ्याची फेड याहूनही कितीतरी लांबते. कार्ड देणाऱ्यांनी हा इशारा बिलावर ठळकपणे द्यावा, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बंधनकारक केले आहे. शिवाय थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

आता त्या पंचवीस हजारांपैकी वीस हजार कार्डावर भरले आणि मासिक दोन हजारांचा नेम तसाच ठेवला, तर चौदाव्या महिन्यात कर्ज संपते. वीस हजारांची ही देणगी पुढचे साठ हजारांचे हप्ते वाचविते. हाच पैसा सात टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकला असता, तर वर्षाकाठी चौदाशे रुपये मिळाले असते. आणि त्याच वर्षी तेवढ्याच थकबाकीवर जवळजवळ दहा हजार रुपये व्याज-करापोटी गेले असते. एका हाताने वाटीभर पाणी साठवावे आणि दुसऱ्या हाताने फुटक्या रांजणात घागरी ओताव्यात, तसलाच हा व्यवहार होय.

सावकारीचा इतिहास मराठी मुलखाला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीचा कायदा आला. त्याही पूर्वीपासून आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: एका वेळी थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येऊ नये. कार्डाचे व्याज मात्र साचून डोंगर होत नाही. ते महिन्या-महिन्याला हळूच वसूल होते. म्हणूनच आपण मुद्दलाच्या दुप्पट देऊन बसलो, हे ऋणकोच्या ध्यानातच येत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने वार्षिक ३० टक्क्यांवरील कार्डव्याज ही अनुचित व्यापारप्रथा ठरविली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कायद्याचे कुंपण तिथे नाही, म्हणून विवेकाचे कुंपण घराघरात घालावे लागते.

हिशेब एवढा स्पष्ट आहे, तर नैतिक प्रश्न उरला कुठे? तो आता सुरू होतो.

पहिला प्रश्न: ही देणगी कोणाची? भावाने ती बहिणीला दिली आहे. कर्ज मुख्यतः पतीच्या हातून झाले आहे. "संसार एकच, मग तुझे-माझे कसले?" असे म्हणून तो पैसा परस्पर उचलणे सोपे आहे, पण संसार एक आहे याची आठवण त्याला खर्च करताना आणि आकडा लपविताना झाली नव्हती. तेव्हा फेडीची पहिली पायरी बँकेत नसून घरातल्या चटईवर आहे. सारी बिले पत्नीसमोर मांडावीत, पूर्ण आकडा सांगावा, आणि मग मागावे, घेऊ नये. तिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर तिचा होकार हा होकार नव्हे. आणि तिने होकार दिला, तर त्या घरात दोन देणग्या झाल्या असे समजावे: एक भावाची, दुसरी तिची.

दुसरा प्रश्न देणाऱ्याच्या इच्छेचा. भावाने "काहीतरी घे" म्हटले होते. पण प्रेमळ माणूस देताना वस्तू पाहत नसतो. त्याला बहिणीचा चेहरा दिसत असतो. रात्री फोन वाजला की जी दचकते, तिला त्याने निश्चिंत झोप दिली, तर त्याची इच्छा मोडली कशी? मात्र त्याला तसे कळवावे. "दादा, तुझ्या पैशाने आम्ही कर्ज उतरविले," हे सांगताना संकोच वाटेल. पण लपविलेली कृतज्ञता हळूहळू लाचारी होते, उघड केलेली कृतज्ञता नाते दृढ करते. पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र आठवा. अनेसिमाचे काही देणे असेल तर ते आपल्या नावावर मांडावे, असे तो स्वहस्ते लिहितो. दुसऱ्याचे ऋण आपल्या अंगावर घेणे हे प्रेषिताला कमीपणाचे वाटले नाही. मग एखाद्या भावाला आपला पैसा ऋणमुक्तीला लागल्याचे वाईट का वाटावे?

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. शेजारच्या खोलीतील कामगाराने आजारपणात या कुटुंबाला तीन हजार रुपये उसने दिले होते. व्याज नाही, कागद नाही. हिशेब सांगतो की ज्याला व्याज नाही ते कर्ज सर्वांत शेवटी फेडावे. विवेक मात्र कुरकुरतो. बँकेला थांबण्याची ताकद आहे, त्या शेजाऱ्याला नाही. आणि तो मागत नाही म्हणूनच तो विसरला जातो. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे, आणि त्याचे कारणही तिथेच दिले आहे: त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला असतो. याच न्यायाने मला वाटते की शेजाऱ्याचे तीन हजार प्रथम द्यावेत. गणिताच्या दृष्टीने त्यात थोडा तोटा आहे. पण फेडीचा क्रम केवळ व्याजाच्या दराने ठरत नाही, धनकोच्या गरजेनेही ठरतो.

चौथा प्रश्न दशांशाचा. काही भाविक मनांना वाटेल, आधी देवाचा भाग काढावा. उपकारस्तुतीचे अर्पण जरूर करावे. विधवेच्या दोन टोल्यांचे मोल प्रभूने जाणले. पण ज्यांनी धन देवाला वाहिल्याचे सांगून आईबापांचे देणे टाळले, त्यांना येशूने कठोर शब्दांत दोष दिला, हेही विसरू नये. दुसऱ्याचे जे देणे आहे ते वेदीवर ठेवून आपण उदार ठरत नाही.

आणि उरलेले दोन हजार? ते कार्डावर टाकू नयेत, असे मी म्हणेन. अलीशाच्या काळी एका विधवेच्या दारी सावकार तिची दोन मुले दास म्हणून न्यायला आला, तेव्हा संदेष्ट्याने प्रथम तिच्या घरात काय आहे ते विचारले. होते ते फक्त थोडे तेल. ते वाढले, तेव्हा त्याने क्रमही सांगितला: विक्री, मग ऋणफेड, आणि शिल्लक राहील त्यावर तिचा व मुलांचा निर्वाह. शिल्लक हा या कथेचा अनवधानाने आलेला शेवट नव्हे. ज्या घरात अडीअडचणीला चार पैसे नसतात, ते घर पुढच्या तापाच्या दिवशी पुन्हा कार्डाकडेच हात पसरते. म्हणून थोडे गाठीला बांधावे, आणि त्यातूनच लेकरांना एखादी गोड वस्तू आणावी. मामाची आठवण म्हणून. शिलाई मशीनचे स्वप्न मोडलेले नाही. ते चौदा महिने पुढे गेले आहे. हप्ता संपला की तेच दोन हजार दरमहा मशीनसाठी बाजूला पडू लागतील.

अर्थात कार्ड खिशात तसेच राहिले, तर ही सारी नीती वाऱ्यावर जाईल. ते कपाटात ठेवून भागत नाही. फेड होताच लेखी अर्ज करून बंद करावे. मध्यंतरी बँकेकडे थकबाकीचे कमी दराच्या मासिक हप्त्यांत रूपांतर करून मागावे. थोडी रक्कम घेऊन खाते मिटविण्याचा प्रस्ताव आला, तर तो विचार करूनच स्वीकारावा; कारण 'तडजोड' अशी नोंद पतइतिहासात राहते आणि पुढचे कर्ज कठीण होते. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ऋणको हा गुन्हेगार नव्हे.

शेवटी एक प्रश्न त्या घराचा नसून आपला आहे. त्या विधवेच्या कथेत शेजाऱ्यांचा वाटा आपण सहसा वाचत नाही. त्यांनी तेल दिले नाही, पैसे दिले नाहीत. रिकामी भांडी दिली. पण ती भांडी नसती तर तेल साठले कशात असते? १४६२ मध्ये इटलीतील पेरूजा येथे फ्रान्सिस्कनांच्या प्रेरणेने गरिबांसाठी अल्प दराची तारणपेढी निघाली. १९०९ मध्ये रांची येथे फादर हॉफमन यांनी आदिवासी ख्रिस्ती लोकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी सहकारी पतसंस्था उभारली. १९१८ मध्ये वसईत कॅथॉलिक समाजाने आपली सहकारी बँक स्थापिली. हे सारे रिकामी भांडी देणारे शेजारीच होते. आज आपल्या मंडळीत कर्जाचा आकडा सांगण्याची लाज न वाटेल, असे एखादे दार उघडे आहे काय? सांगणाऱ्याची गोष्ट रविवारच्या उपासनेनंतर अंगणात चघळली जाणार नाही, अशी खात्री आपण देऊ शकतो काय?

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मत्तयाने अपराधासाठी ऋणाचाच शब्द योजला आहे. ती प्रार्थना आपण रोज म्हणतो, आणि आपले ऋण कोणीतरी उचलले या विश्वासावर जगतो. म्हणून वाचकहो, आपल्या हाती एखादी अनपेक्षित देणगी आली, तर तिने आधी जुन्या गाठी सोडवा. आणि आपल्या हातून देणगी जायची असेल, तर घेणाऱ्याच्या घरी कोणते देणे थकले आहे, हे त्याला न दुखविता, हळुवारपणे विचारून पाहा.