आभार मानताना



रविवारच्या मिस्साबलीआधी हेतूंची यादी वाचली जाते, तेव्हा आपले निम्मे लक्ष दाराकडे असते. कोण आले, कोण उशिरा आले, कुणी नवी साडी नेसली आहे. (आम्हीही त्याला अपवाद नाही.) पण नीट कान दिला तर त्या यादीत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. अपघातातून सुखरूप बचावल्याबद्दल आभार, शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल आभार. आणि पुढच्याच ओळीत कुणाचा तरी महिना, कुणाचे वर्षश्राद्ध. कधी कधी तर दोघांचा आजार एकच असतो. इस्पितळही एकच असते. एक घरी आला, दुसरा आला नाही, आणि दोघांचीही माणसे त्या रविवारी एकाच छपराखाली बसलेली असतात.

अशा वेळी एक प्रश्न मनात डोके वर काढतो आणि आपण तो चटकन दाबून टाकतो. देवाने याला राखले असे आपण म्हणतो, मग त्याला का नाही राखले? आपले आभाराचे शब्द त्या पुढच्या बाकावरच्या विधवेच्या कानावर कसे पडत असतील?

११ जुलै २००६ची संध्याकाळ पश्चिम रेल्वेने ये-जा करणाऱ्या कुणाला विसरता येईल असे वाटत नाही. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसे मृत्यू पावली, शेकडो जखमी झाली. त्या रात्री फोन लागत नव्हते. पुढचे कित्येक दिवस मात्र घरोघरी एकच बोलणे होते : साहेबांनी थांबवून घेतले म्हणून नेहमीची गाडी चुकली; पुलावर गर्दी होती म्हणून मागची गाडी पकडली; देवाची कृपा! ते आभार खरे होते. मृत्यूला चाटून परत आलेल्या माणसाने देवाचे नाव घेऊ नये असे कोण म्हणेल? पण ज्यांची गाडी चुकली नाही, त्यांनीही त्या सकाळी आपापल्या देवाला हात जोडले होते. त्यांच्या घरीही कुणीतरी 'सांभाळून जा' म्हटलेच होते.

हा प्रश्न प्रभू येशूसमोरही आला होता. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले होते. संत लूक सांगतो की प्रभूने स्वतःच तो विषय काढला. ती अठरा माणसे यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, असे त्याने विचारले, आणि उत्तरही त्यानेच दिले : नाही. मेलेल्यांबद्दलची ती शंका त्याने तिथल्या तिथे मिटवली. मग बुरूज का पडला, ते मात्र त्याने सांगितले नाही. आपल्याला ते ऐकायला आवडले असते. त्याऐवजी तो जिवंत उभ्या असलेल्यांकडे वळला, त्यांना पश्चात्तापासाठी बोलावले, आणि लगेच अंजिराच्या झाडाचा दाखला दिला. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणून खत घालतो.

हा दाखला बुरुजाच्या गोष्टीला लागून आला आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्याने कधी झाडाला आळे केले आहे, खत घातले आहे, त्याला हे चांगले कळेल. ते झाड बाकीच्या झाडांपेक्षा चांगले होते म्हणून राहिले नाही. त्याला एक वर्ष मिळाले. आपण वाचलो याचा अर्थ इतकाच घ्यावा असे आम्हाला वाटते : वेळ मिळाली आहे. ते आपल्या भक्तीचे प्रमाणपत्र नव्हे, आणि जो गेला त्याच्यावरचा निकाल तर मुळीच नव्हे.

प्रमाणपत्र समजले की आभार बिघडतात. मंदिरात गेलेल्या परूश्याची प्रार्थना आठवून पाहा. ती आभारानेच सुरू होते! देवाचे आभार मानले, पण मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडे बोट दाखवून. आपणही ताट न संपवणाऱ्या पोराला म्हणतो, बघ, कितीतरी मुले उपाशी आहेत, तुला देवाने सगळे दिले आहे. हेतू चांगला असतो. पण पोर शिकते ते एवढेच की शेजारी उपाशी आहे म्हणून आपले जेवण मोठे.

स्तोत्रसंहितेतील ९१वे स्तोत्र आपल्या घरांत संकटाच्या वेळी वाचले जाते आणि ते वाचावेच. पण प्रभूसमोर त्या स्तोत्रातला देवदूतांचा शब्द कुणी उच्चारला? मंदिराच्या शिखरावर उभ्या असलेल्या सैतानाने. उडी टाक, देव झेलेल. प्रभूने देवाच्या राखणीचा असा करार करून घ्यायला नकार दिला. पुढे क्रुसाखाली लोक हिणवत राहिले की याला स्वतःला वाचवता येत नाही.

आणि तरी पकडला जाण्याच्या रात्री त्याने भाकर हातात घेऊन आभार मानले. युखरिस्त या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. ते वाचल्याबद्दलचे आभार नव्हते. तो वाचणार नव्हता. संत पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो तेही असेच आहे : सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. प्रत्येक गोष्टीबद्दल आभार माना असे तो म्हणत नाही. मुलाच्या मृत्यूबद्दल आईने आभार मानावेत अशी देवाची अपेक्षा आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि तसे कुणी तिला सांगू नये.

एक गोष्ट राहिली. 'आज काहीच घडले नाही याबद्दल आभार' असा हेतू आम्ही अद्याप ऐकलेला नाही. पहाटेची लोकल रुळावरून सरळ जाते, कारण रात्री कुणीतरी ट्रॅकमन हातात दिवा घेऊन रुळ तपासत चालत गेलेला असतो. नळाला पाणी येते, पोर शाळेतून परत येते. देवाची राखण बहुतेक दिवशी अशा हातांनी येते, आणि त्या हातांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

तेव्हा आभाराचा हेतू देणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. मिस्साबली आटोपल्यावर यादीतल्या पुढच्या ओळीतल्या घरी जाऊन यावे. काय बोलावे ते सुचणार नाही. देवाची इच्छा होती, असे तर म्हणूच नये. चहा दिला तर घ्यावा आणि बसावे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसून राहिले होते. बोलायला लागेपर्यंत त्यांचे काही चुकले नव्हते.