कोणाचाही पूर्वज नसलेला

आपण कोणाचे, या प्रश्नाने माणूस कधी ना कधी अस्वस्थ होतोच. इंग्लंडमध्ये अगदी सामान्य घरांतील माणसेही मोठ्या चिकाटीने आपल्या पूर्वजांचा शोध घेतात. या शोधाच्या दोन मुख्य वाटा आहेत: एक आडनावाची, दुसरी चर्चमधील नोंदवहीची.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या तीन-चार शतकांत इंग्रजांची आडनावे हळूहळू स्थिर झाली. टेकडीजवळ राहणारा तो हिल, जॉनचा मुलगा तो जॉन्सन, लोहार तो स्मिथ. वेबस्टर हे नाव मुळात विणकाम करणाऱ्या स्त्रीचे, तर बॅक्स्टर पाव भाजणारीचे. पुढे ती पुरुषांनाही लागली आणि नातवंडांनी माग सोडला तरी टिकली. त्या पहिल्या विणकरणीचे स्वतःचे नाव मात्र काळाच्या उदरात गडप झाले. शिवाय लोहार गावोगावी होते. त्यामुळे सगळे स्मिथ एका कुळाचे नव्हेत. दहा पिढ्या मागे गेले की प्रत्येकाच्या वंशवृक्षात त्या पिढीच्या १०२४ जागा होतात. आडनाव त्यांतल्या एकीचाच माग दाखवते. मग कुळाचा अभिमान नेमका कोणाचा बाळगावा?

आडनाव मुके होते तेथे नोंदवही बोलू लागते. १५३८ साली, आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवण्याची आज्ञा काढली. हा नव्या कराचा डाव असावा, अशी लोकांना धास्ती वाटली. पुढे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेनेही धर्मगुरूंवर अशा नोंदींचे बंधन घातले. आमच्या कपाटातील वह्या त्याच परंपरेतल्या.

स्ट्रॅटफर्ड येथील अशा वहीत २६ एप्रिल १५६४ रोजी जॉन शेक्सपिअरच्या विल्यम नामक मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. त्याच वर्षी ११ जुलैला ऑलिव्हर गन याच्या दफनाची नोंद झाली. तो एका विणकराकडे उमेदवारी करीत होता. त्या ओळीशेजारी तीन लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ, येथे महामारी सुरू झाली. त्या साथीत गावातील दोनशेहून अधिक माणसे दगावली. उमेदवारीच्या काळात विवाहास मनाई असे. तेव्हा ऑलिव्हरला बहुधा वंशज नाहीत. महामारीचा आरंभ कोठे झाला हे पाहण्यासाठी अभ्यासक त्याच्या ओळीपाशी थांबतात. पण आपला पूर्वज म्हणून त्याला शोधीत कोण येणार?

येथे आमच्यापुढे प्रश्न उभा राहतो. मृतांचे स्मरण आपण ते मानव होते म्हणून करतो, की ते आपले होते म्हणून? कोणी म्हणेल, प्रेमाला कोठून तरी आरंभ हवाच. ज्याने स्वतःच्या आजीची विचारपूस केली नाही, तो परक्या ऑलिव्हरला काय आठवणार? हे म्हणणे आम्हांला मान्य आहे. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा देवानेच दिली आहे. परंतु आपल्या रक्तापाशीच थांबणारा आदर हा पुष्कळदा स्वतःवरील प्रेमाचाच विस्तार असतो. पूर्वजांच्या शोधात एक गोष्ट मात्र आपोआप घडते. आपले एक नाव सापडण्यासाठी परक्यांची शेकडो नावे वाचावी लागतात. त्यांवरून बोट नुसते फिरवायचे, की क्षणभर थांबवायचे, हे वाचणाऱ्याच्या हाती असते.

आम्ही धर्मगुरूही कोणाचे पूर्वज होणार नाही. तरीही, ज्याच्यामागे रडणारे कोणी नव्हते अशा माणसाचे दफन उरकून, त्याची ओळ घाईघाईने लिहून आम्ही वही मिटली आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. त्याच्या आईचे नाव विचारण्याचे कष्टही आम्ही घेतले नाहीत. ती ओळ आता सुधारता येत नाही.

संत मत्तय आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ एका दीर्घ वंशावळीने करतो. अब्राहामापासून निघालेली ती वंशावळ येशूपाशी येऊन थांबते. त्याच्यापुढे रक्ताचा वारस नाही. म्हणूनच २ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करते, तेव्हा त्यांचे वंशज कोण, हे ती विचारीत नाही. त्या दिवशी आपापल्या कबरीवर मेणबत्ती लावून झाल्यावर शेजारच्या अंधारात असलेल्या कबरीवरही एक लावावी, एवढीच वाचकांना विनंती.