दुसऱ्याच्या झोपेवर उचल

स्वतःच्या पैशानं घेतलेल्या वस्तूचं काय करावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही बँकवालेसुद्धा खात्यातून पैसे काढणाऱ्याला ‘कशासाठी?’ असं विचारत नाही. या तत्त्वाची खरी परीक्षा होते ती शेजारच्या चिरंजीवांनी नव्याकोऱ्या वेगवान मोटारीचा एक्झॉस्ट बदलून घेतला म्हणजे.

“काका, कंपनीच्या एक्झॉस्टला जीवच नाही. गाडी मोकळा श्वास घेत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

त्यात थोडं तथ्य आहे. इंजिनातल्या दर स्फोटाबरोबर तापलेल्या वायूचा एक दणका नळीत शिरतो. सायलेन्सरच्या डब्यात कप्पे आणि भोकाभोकांच्या नळ्या असतात; आवाजाच्या लाटा तिथं एकमेकींवर आपटून बऱ्याचशा जिरतात. म्हणजे मध्यमवर्गीय संसारासारखीच रचना : आदळआपट आत, बाहेर नुसता धूर. हा डबा काढला की वायूला वाट मोकळी होते. पण तेवढ्यानं गाडीची ताकद वाढते ती चिमूटभर आणि आवाज मात्र पोतंभर. डेसिबलचा हिशेब तर चक्रवाढ व्याजाला लाजवणारा. १० डेसिबल वाढले, की ध्वनीची ऊर्जा दहापट!

कायद्यानं यावर विचार केलेला आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या अशा आवाजाला पहिल्याच खेपेस दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून पोलिसांनी रोडरोलरही फिरवले आहेत. पण रोडरोलरनं पत्रा सपाट होतो, प्रश्न नाही.

“मला त्यात आनंद मिळतो. आनंद घेणं पाप आहे का? आणि गणपतीत ढोल वाजतात तेव्हा?” चिरंजीव विचारतात. ढोलाचं नाव निघाल्यावर माझाच आवाज चार डेसिबलनं खाली येतो. कारण ढोलाची तिथी ठरलेली असली, तरी कर्ज ते कर्जच.

यावर बीएमडब्ल्यूनं एक तोडगा काढला होता. २०११ मध्ये आलेल्या त्यांच्या एम-फाइव्ह मोटारीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आतल्या आत ऐकू येई. मालकाला गर्जना, गल्लीला झोप! नीतिशास्त्रानं खरं तर मोटारीला हार घालायचा. पण शौकीन मंडळी कुरकुरली : हा आवाज खोटा! मी हा तोडगा चिरंजीवांना सुचवला, तर ते म्हणाले, “त्यात काय मजा, काका? बाहेर कुणाला कळणारच नाही.”

म्हणजे आनंद आवाजात नव्हताच. तो आपल्या दचकण्यात होता. मला हे ऐकून राग येण्याऐवजी थोडी कणवच आली. आपल्याकडे कुणीतरी मान वळवून पाहावं, असं कुणाला वाटत नाही? काचेच्या भोकातून वीस वर्षं ‘पुढचे’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाला तर नक्कीच वाटतं. ती इच्छा पाप नाही.

पण तळमजल्यावर सकाळच्या पाळीला जाणारी एक नर्स राहते. रात्री साडेअकराला मोडलेली तिची झोप कोणाच्या नावे टाकायची? दुसऱ्याच्या खात्यातून शंभर रुपये काढायचे तर त्याची सही लागते, ती जुळवून पाहावी लागते. झोप काढून घ्यायला मात्र नुसती गाडीची किल्ली पुरते.