नाबोथाचा मळा आणि खाडीचे पाणी

शास्त्रभाग : १ राजे, अध्याय २१.

अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने मोबदला देऊ केला. बोलणे वरवर वाजवीच होते. परंतु नाबोथाच्या दृष्टीने तो वाडवडिलांचा वाटा होता, विक्रीचा जिन्नस नव्हे. पुढे त्याचे काय झाले हे आपणांस ठाऊक आहेच.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदी दाभोळपाशी समुद्रास मिळते. त्या खाडीवर भोई, खारवी व दालदी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरीत आली आहेत. खाड्यांतून वाळू पूर्वीही निघे, पण हातपाटीने व डुबी मारून; मनुष्याचा दम संपला की काम थांबे. यंत्राच्या पंपास दम लागत नाही. तो वाळूबरोबर शिंपल्यांचे थरही ओढून घेतो. तळ खोल गेला म्हणजे काठ ढासळतो आणि भरतीचे खारे पाणी आत चढते. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने वाळूउपशास मनाई केली होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणपट्ट्यांसही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरविली. हे बरे झाले. तथापि हुकूम कागदावर असतो आणि पंप रात्री पाण्यात असतो.

भोयाची अडचण नाबोथाहून मोठी. मळ्यास बांध होता; खाडीस सातबारा नाही. तिची नोंद वृद्धांच्या स्मरणातच आहे : उधाणास कोणती मासळी कोठवर चढते, भांगास जाळे कोठे टाकू नये, ओहोटीस तिसऱ्या कोठे मिळतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी काठावर का ठेवावी. हे ज्ञान पुष्कळदा निरक्षर बायांपाशी असते, हे आमच्या शिकलेल्या प्रचारकांस मानणे थोडे जड जाईल.

तरी प्रचारकांनी अशा वृद्धांपाशी, ते मंडळीतील असोत वा नसोत, बसावे, ऐकावे व तिथी-तारीख घालून वहीत लिहावे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी होते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी द्यावी लागते व अहवालाचा सारांश लोकभाषेत मिळतो. त्या दिवशी ती वही बरोबर न्यावी. मात्र बोलावे ते त्या वृद्धेनेच. आपण वाचून दाखविण्यापुरते राहावे.

आता एक कटू गोष्ट. नाबोथास राजाने स्वहस्ते मारिले नाही. ईजबेलीची पत्रे त्याच्याच नगरच्या वडिलांकडे गेली, आणि खोटे साक्षीदार त्यांनीच उभे केले. पंपाची होडी परगावाहून आली तरी तिला काठावर जागा व मजूर गावातूनच मिळतात. मजुरास आम्ही बोल लावीत नाही, त्याच्या घरी चूल पेटावयाची असते. पण पंच कोणत्या भुकेने गप्प राहतात? आणि मंडळीचे वडील? ज्या मंडळीस प्रार्थनामंदिराची भिंत बांधावयाची असेल, तिने वाळू कोणत्या खाडीतली, कोणत्या रीतीने काढलेली, हे विचारावे, परवाना पाहावा, आणि मगच गाडी उतरून घ्यावी.