आकृती आणि जाती

रक्तातील पांढऱ्या पेशी पाच प्रकारच्या मानतात : न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. त्या ओळखण्याची जुनी रीत अजून चालू आहे. थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरून वाळवतात, त्यावर लिश्मनचा रंग चढवतात आणि तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली शंभर पेशी मोजतात. पेशीचे काम यात कुठेच दिसत नाही. दिसते ते रूप. मग रूपावरून प्रकार ठरवण्याला आधार कोणता? न्यायशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत ‘गाय’ या शब्दाने काय कळते याची चर्चा आहे. समोरचे एक जनावर ही व्यक्ती, अवयवांची ठेवण ही आकृती आणि सर्व गायींत असणारे गोत्व ही जाती. शब्दाच्या अर्थात तिन्ही येतात. पण आकृती ही जातीची खूण आहे, जाती नव्हे. त्यासाठी मातीच्या गायीचा दाखला दिला आहे : तिला आकृती आहे, तरी गोदानाला ती चालत नाही. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे पाणी वाहते. भाविक तिथे मनापासून हात जोडतो. त्या दगडात पावित्र्य आहे, गोत्व नाही, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

काचपट्टीवर ही खूण बहुतेक वेळा चोख काम करते. न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे दोन ते पाच खंड बारीक धाग्यांनी जोडलेले असतात आणि कण फिकट जांभळट दिसतात. इओसिनोफिलचे कण ठसठशीत नारिंगी, केंद्रक बहुधा दोन खंडांचे. बेसोफिल शंभरात जेमतेम एखादा. त्याचे गडद निळे कण केंद्रकही झाकून टाकतात. मोनोसाइट आकाराने सर्वांत मोठा, केंद्रक दुमडलेले, पेशीद्रव्य राखट निळे.

हे रंग पेशींचे स्वतःचे नाहीत. पाउल एर्लिख यांनी १८७९च्या सुमारास ॲनिलीन रंग वापरून कणांवरून वर्ग पाडले, तेव्हापासून रंग बाहेरूनच आणावा लागतो. पण आम्लधर्मी इओसिन कुठे बसेल हे पेशीचे रसायन ठरवते, पाहणाऱ्याची इच्छा नव्हे. भेद वस्तूतच असतो, ही नैयायिकांची बाजू इथे भक्कम ठरते.

लिम्फोसाइटपाशी मात्र बौद्धांचेही ऐकावे लागते. दिङ्नागाच्या अपोहवादात गोत्व नावाची स्वतंत्र वस्तू नाही. गाय नसलेले सारे वगळणे हाच ‘गाय’चा अर्थ. लहान लिम्फोसाइटला गोल, दाट केंद्रक आणि भोवती निळी कड असते खरी, पण त्याची ओळख बरीचशी नकारानेच पटते : कण नाहीत, खंड नाहीत, मोनोसाइटएवढा मोठा नाही. असा वगळून उरलेला वर्ग एकजिनसी नसतोच. टी आणि बी पेशी लिश्मनच्या रंगात सारख्या दिसतात, पण प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी फक्त बी पेशींपासून तयार होतात. सीडी३, सीडी१९ अशी पृष्ठभागावरील प्रथिने तपासली तरच दोन्ही वेगळ्या पडतात. आकृती एक, जाती दोन.

दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी जातीला बाध आणणाऱ्या गोष्टींत संकर सांगितला आहे. जे दोन धर्म एकमेकांवाचून आढळतात आणि कुठेतरी एकत्रही येतात, त्यांना जाती मानता येत नाही. फार तर उपाधी, म्हणजे वरून लावलेले लक्षण, म्हणता येते. न्यूट्रोफिलला कण आहेत, गोल केंद्रक नाही. लहान लिम्फोसाइटला गोल केंद्रक आहे, ठळक कण नाहीत. लिम्फोसाइटच्याच वर्गातील नैसर्गिक मारक पेशीत दोन्ही असतात. म्हणून ‘कणयुक्त’ आणि ‘कणहीन’ ही पाठ्यपुस्तकी विभागणी सोयीची असली तरी तिला उपाधीच म्हणणे रास्त.

आकृती आणि जाती यांतला हा विवेक सर्वांत निकडीचा होतो तो रक्ताच्या कर्करोगात. अपक्व पेशी मोठ्या केंद्रकावरून आणि त्यातील केंद्रिकांवरून ओळखू येते. ती कोणत्या वंशाची, हे नुसते पाहून अनेकदा ठरत नाही. जाणकार अशा वेळी ‘अपक्व पेशी दिसतात’ एवढेच लिहून नमुना अशी प्रथिने तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला पाठवतो, कारण लिम्फॉइड की मायलॉइड यावर रुग्णाची औषधे ठरतात.